प्रकल्प नोंदी: ८० सीटचे कार्यालय व्हर्च्युअल डेस्कटॉपवर, जून ते ऑक्टोबर २०२५

२ जून २०२५, सोमवार

पुण्यातील करसल्ला आणि लेखापरीक्षण पेढी, एक शाखा कोल्हापुरात. सीट (काम करायच्या जागा) ८०: पुण्यात ६२, कोल्हापुरात १८. बहुतेक यंत्रे चौथ्या ते सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची, सगळी विंडोज १० वर. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबतात. विंडोज ११ ला मोजके अपवाद सोडता आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (कूटलेखनाच्या की जपणारी सुरक्षा चिप) लागते, म्हणजे ही यंत्रे त्यात बसत नाहीत. विस्तारित अद्यतने विकत घेता येतात: व्यवसायांसाठी पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त ३ वर्षे. तेवढे पैसे भरून यंत्र जुने ते जुनेच राहते.

दुसरी अडचण कोल्हापूरची. तिथले लोक पुण्यातल्या सर्व्हरवरची हिशेबाची फोल्डरे व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून) उघडतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर फाइलचे छोटे छोटे तुकडे सतत वाचत-लिहीत असते आणि प्रत्येक तुकड्याला पुणे-कोल्हापूर फेरी पडते. एक व्हाउचर जतन करायला शेकडो फेऱ्या. लिहिणे चालू असताना लाइन तुटली की डेटा दुरुस्तीला काढावा लागतो. बँडविड्थ वाढवून हे सुटत नाही, कारण वेळ फेऱ्यांत जातो, आकारात नाही.

म्हणून ठरले: संगणन डेटाच्या शेजारी आणायचे, टेबलावर फक्त पडदा आणि कळफलक ठेवायचा.

भागीदारांच्या बैठकीसाठी थोडक्यात. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो. टेबलावरच्या यंत्रातून कळा दाबल्याचे आणि माउस हलल्याचे संदेश जातात. सर्व्हरकडून पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच आकुंचित होऊन येतो. विंडोजच्या जगात हे काम आरडीपी हा प्रोटोकॉल करतो. प्रकार दोन. सेशन पद्धतीत एकाच विंडोज सर्व्हरवर वीस जण एकाच वेळी आपापल्या सेशनमध्ये बसतात. व्हीडीआय पद्धतीत प्रत्येकाला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) आणि त्यात स्वतंत्र विंडोज ११. सेशन पद्धत स्वस्त आणि सांभाळायला सोपी. व्हीडीआय महाग, पण कोणाचा कोणाला धक्का लागत नाही. कल्पना जुनीच: सिट्रिक्सचे विनफ्रेम १९९५ चे, मायक्रोसॉफ्टची एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ ची.

फायदे कागदावर मांडले. ग्राहकाची कागदपत्रे लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर पसरत नाहीत. कोणी नोकरी सोडली की एक खाते बंद केले की झाले. टेबलावरचे यंत्र बिघडले तर शेजारच्या यंत्रावर लॉगिन करून त्याच एक्सेलच्या त्याच ओळीवर काम सुरू. शाखेत वीज गेली तरी सेशन पुण्यात चालूच असते. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा पाहता डेटा नेमका कुठे आहे हे सांगता येणे ही आता सोय राहिली नाही, गरज आहे. हेही स्पष्ट लिहिले: पहिल्या वर्षी हा मार्ग ८० नव्या संगणकांपेक्षा स्वस्त पडणार नाही. सर्व्हर आणि परवाने मिळून खर्च तेवढाच किंवा जास्त. पैसा वाचतो तो पुढच्या वर्षांत, देखभालीत आणि थांबलेल्या कामात.

वगळलेले लोक: साखर कारखाने आणि पतसंस्थांच्या लेखापरीक्षणाला बाहेर जाणारे. तिथे नेट भरवशाचे नसते. त्यांना विंडोज ११ चे लॅपटॉप, डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या कूटलेखनाने) कुलूपबंद. ते या ८० सीटमध्ये धरलेले नाहीत.

५ जून, गुरुवार

प्रत्येक विभागाचे सॉफ्टवेअर आणि जोडलेली उपकरणे लिहून काढली. सर्व्हर विकत घेण्याआधी ही यादी हवीच. सेशन की स्वतंत्र मशीन हा निर्णय माणसाच्या पदावर नाही, तो वापरत असलेल्या सर्वांत हट्टी प्रोग्रॅमवर ठरतो.

इथे हट्टी गोष्ट एकच निघाली: डिजिटल सही. टोकन (सहीची की जपणारे छोटे उपकरण) यूएसबीत, आणि सरकारी पोर्टलवर सही करायला ब्राउझर त्याच यंत्रावर चालणाऱ्या एका छोट्या युटिलिटीशी बोलतो. ही युटिलिटी १२७.०.०.१ या पत्त्यावर (यंत्राचा स्वतःसाठीचा पत्ता) ठरावीक पोर्ट (त्या पत्त्यावरचे क्रमांकाचे दार) धरून बसते. एका माणसाच्या संगणकावर ते ठीक. सेशन होस्टवर, म्हणजे अनेकांची सेशन चालवणाऱ्या सर्व्हरवर, वीस जणांचा १२७.०.०.१ एकच असतो. पहिल्याने युटिलिटी सुरू केली की पोर्ट त्याच्याकडे; दुसऱ्याची सुरूच होत नाही, किंवा त्याहून वाईट, दुसऱ्याचा ब्राउझर पहिल्याच्या युटिलिटीला जाऊन धडकतो. सहीच्या बाबतीत असा घोळ चालणारच नाही. यावर सेटिंगने तोडगा काढायच्या मागे लागू नये. सही करणाऱ्यांना स्वतंत्र मशीन द्यावे.

त्यावरून विभागणी: ६० जण सेशन होस्टवर (हिशेब, वेतनपत्रके, टीडीएस, ट्रस्टची कामे), २० जणांना स्वतंत्र विंडोज ११ (सही करणारे भागीदार, व्यवस्थापक आणि विवरणपत्रे दाखल करणारे).

कामाचे कॅलेंडरही आजच ठरवले. महिन्याच्या ७, ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे टीडीएस, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी च्या वेळी, कोणालाही हलवायचे नाही. प्राप्तिकर विवरणपत्रांची मुदत यंदा ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आहे, त्यामुळे विवरणपत्र विभाग त्यानंतर.

९ जून, सोमवार

आकारमान.

सेशन होस्ट: प्रत्येकी ८ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), ४८ जीबी रॅम, २० जण. हिशोब असा: ब्राउझर, एक्सेल आणि टॅली एकदम उघडे असताना माणशी २ जीबी, म्हणजे ४०, वर विंडोज आणि अँटिव्हायरसला ८. तीन होस्टमध्ये ६० जण बसतात, चौथा राखीव. राखीव होस्ट चैनीसाठी नाही. तो असला म्हणजे भर दिवसा एक होस्ट रिकामा करून दुरुस्त करता येतो.

स्वतंत्र मशीन: २०, प्रत्येकी ४ व्हीसीपीयू, ८ जीबी, १२० जीबी डिस्क. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅमची आहे, पण ४ जीबीत ब्राउझर आणि एक्सेल एकत्र रखडतात.

पायाभूत मशीन: दोन डोमेन कंट्रोलर (खाती आणि पासवर्ड सांभाळणारे), ब्रोकर (माणसाला होस्ट नेमून देणारा) आणि लायसन्सिंग, गेटवे (बाहेरून येणाऱ्यांचे दार), एनपीएस (लॉगिन पडताळणारी सेवा), प्रोफाइलचा (माणसाच्या वैयक्तिक सेटिंगचा) फाइल सर्व्हर, डेटा सर्व्हर. मिळून सुमारे ६० जीबी.

बेरीज १९२ + १६० + ६० = ४१२ जीबी. दोन भौतिक सर्व्हर, प्रत्येकी ५१२ जीबी, दोन प्रोसेसर मिळून ३२ कोर. एक बंद पडला तर दुसऱ्यावर सगळे मावले पाहिजे, म्हणून प्रत्येकात पूर्ण बेरजेएवढी रॅम. रॅम वास्तविक उपलब्धतेपेक्षा जास्त वाटायची नाही. प्रोसेसर वाटता येतो: सगळे मिळून १३२ व्हीसीपीयू, एका सर्व्हरवर आले तर कोरमागे साधारण ४, रोजच्या दिवशी २. कार्यालयीन कामाला ४ चालते.

डिस्क: ३.८४ टीबीच्या ६ एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), रेड १० मध्ये (प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर), वापरायला सुमारे ११.५ टीबी. साध्या दुकानातल्या एसएसडी नकोत. डेस्कटॉपचा डिस्कवरचा भार बहुतांश लिहिण्याचा असतो. स्वस्त एसएसडीचा आतला कॅश भरला की तिचा वेग कोसळतो आणि वीज गेल्यावर अर्धे लिहिलेले राखायची सोय तिच्यात नसते. व्हर्च्युअल डेस्कटॉप 'स्लो' असल्याच्या तक्रारींत प्रोसेसरपेक्षा डिस्क दोषी निघण्याची शक्यता जास्त.

दोन्ही सर्व्हरमध्ये हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची प्रणाली) रेप्लिका, म्हणजे एकावरच्या मशीनची प्रत दुसऱ्यावर, दर ५ मिनिटांनी, स्वतंत्र १० गिगाबिट जोडणीवरून. डोमेन कंट्रोलर रेप्लिकात घेतलेले नाहीत. ते एकेका सर्व्हरवर एक ठेवले, त्यांची आपापसातली प्रतिकृती त्यांची ती करतात.

१६ जून, सोमवार

परवाने. हा भाग कंटाळवाणा, पण चुकला तर काम थांबते.

विंडोज सर्व्हर २०२२ चा परवाना कोरमागे. स्टँडर्ड आवृत्तीत सगळे कोर भरले की दोन व्हर्च्युअल सर्व्हर मिळतात. आपल्याकडे ते दहाच्या वर, आणि कोणतेही मशीन कधीही दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ शकते, म्हणून दोन्हीकडे पूर्ण परवाना हवा. कितीही व्हर्च्युअल सर्व्हर चालवू देणारी डेटासेंटर आवृत्ती घेतली. शिवाय तीत व्हर्च्युअल सर्व्हर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतात, प्रत्येकाला की टाकत बसावी लागत नाही.

सेशन होस्टसाठी दर माणशी आरडीएस सीएएल (मायक्रोसॉफ्टच्या सेशन सेवेचा वापर परवाना). ते नसताना १२० दिवस सवलतीचे असतात आणि सगळे सुरळीत चालते. मग एका सकाळी कोणालाच लॉगिन होत नाही. लायसन्सिंग सर्व्हर पहिल्याच दिवशी जोडायचा आणि मोड 'दर वापरकर्ता' आहे का ते पॉलिसीत (डोमेनवरून लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) तपासायचे.

विंडोज ११ च्या २० मशीनना सर्व्हरचा परवाना लागू होत नाही. त्यांना एंटरप्राइझचे दर वापरकर्ता सदस्यत्व, व्हीडीए हक्कासह (व्हर्च्युअल मशीनमधले विंडोज वापरायचा हक्क). दुकानातून आणलेली प्रो आवृत्तीची की इथे टाकणे परवान्यात बसत नाही.

ऑफिसचे सदस्यत्वही पाहून घ्यायचे. सेशन होस्टवर एकाच यंत्रावर अनेकांना ऑफिस वापरू देणारे सामायिक संगणक अ‍ॅक्टिव्हेशन लागते. बिझनेस प्रीमियममध्ये ते आहे, अ‍ॅप्स फॉर बिझनेस या स्वस्त योजनेत नाही. पेढीकडे स्वस्त योजना होती, ती बदलायला सांगितली.

विंडोज ११ च्या अ‍ॅक्टिव्हेशनला केएमएस (कार्यालयातलाच अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर) वापरले नाही. त्याला किमान २५ यंत्रांची अट आहे. संख्या काठावर असताना त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर (डोमेनमधल्या खात्यांच्या सूचीवर) आधारित अ‍ॅक्टिव्हेशनला अशी अट नाही, तेच लावले.

२६ जून, गुरुवार

सर्व्हर रॅकमध्ये. सेशन होस्टची गोल्डन इमेज (जिच्यावरून सगळे होस्ट काढायचे ती नमुना प्रत) बांधायला घेतली. क्रम असा ठेवला आणि तोच पुढे पाळायचा:

विंडोज सर्व्हर, सगळी अद्यतने, सेशन होस्टची भूमिका. भूमिका ऑफिसच्या आधी, नंतर नाही. बहुवापरकर्ता मोडमध्ये बसवलेले प्रोग्रॅम आपली नोंद सर्वांसाठी करतात. मग ऑफिस, टॅली, ब्राउझर, पीडीएफ, मराठी फॉन्ट. मग एफएसलॉजिक्स (प्रोफाइल सांभाळणारे). मग अँटिव्हायरस. मग चेकपॉइंट (मशीनची त्या क्षणाची जपलेली अवस्था). सिसप्रेप (यंत्राची ओळख पुसून इमेज प्रतींसाठी तयार करणारे साधन) सगळ्यात शेवटी, आणि चेकपॉइंट सिसप्रेपच्या आधीचा जपायचा. पुढच्या महिन्याची अद्यतने त्या जपलेल्या अवस्थेवर चढवायची. सिसप्रेप झालेल्या इमेजवर पुन्हा पुन्हा सिसप्रेप करत राहिले की कचरा साठतो.

विंडोज ११ च्या इमेजवर सिसप्रेप अडले. पँथर फोल्डरमधल्या लॉगमध्ये कारण स्पष्ट होते: स्टोअरमधले एक अ‍ॅप एकाच वापरकर्त्यासाठी अद्ययावत झालेले, सर्वांसाठी नाही. ते अ‍ॅप त्या वापरकर्त्यातून काढले की सिसप्रेप पुढे जाते. इमेज बांधताना स्टोअरची आपोआप अद्यतने बंद ठेवली की हा प्रश्न मुळात येत नाही.

३ जुलै, गुरुवार

प्रोफाइल. सेशन होस्ट कोणालाही कुठलाही मिळतो, त्यामुळे माणसाचा डेस्कटॉप, आउटलुकची रचना, ब्राउझरचे बुकमार्क त्याच्यामागून गेले पाहिजेत. एफएसलॉजिक्समध्ये प्रत्येकाचा प्रोफाइल एका व्हीएचडीएक्स (आभासी डिस्कच्या) फाइलमध्ये असतो. लॉगिन होताच ती फाइल फाइल सर्व्हरवरून होस्टला जोडली जाते. विंडोजला ती स्थानिक डिस्कच वाटते. जुन्या रोमिंग प्रोफाइलसारखी लॉगिनच्या वेळी सगळी फोल्डरे उतरवत बसावी लागत नाहीत.

आकार मूळ मर्यादेवर ठेवला, माणशी ३० जीबी, गरजेप्रमाणे वाढणारा. ६० जणांचे कमाल १.८ टीबी, म्हणून २ टीबीचा स्वतंत्र डिस्क-खंड.

परवानग्या नेमक्या हव्यात. मूळ फोल्डरवर वापरकर्त्यांना बदलाचा हक्क, पण 'फक्त हे फोल्डर'. क्रिएटर ओनरला (फोल्डर ज्याने बनवले त्याला) बदलाचा हक्क, 'फक्त उपफोल्डरे आणि फाइली'. प्रशासकांना पूर्ण. वापरकर्त्यांचा हक्क खाली झिरपू दिला तर कोणीही दुसऱ्याची प्रोफाइल फाइल उचलू शकतो, आणि सगळे चालत असल्याने हे महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही.

अँटिव्हायरसमध्ये त्या शेअरवरच्या व्हीएचडी आणि व्हीएचडीएक्स फाइली वगळल्या. वगळल्या नाहीत तर जोडणीच्या क्षणी अँटिव्हायरस पूर्ण फाइल तपासायला घेतो.

प्रोफाइल जोडता आला नाही तर मूळ सेटिंगमध्ये माणसाला तात्पुरता प्रोफाइल मिळतो. हे सर्वांत घातक. तो दिवसभर काम करतो, फाइली डेस्कटॉपवर ठेवतो, लॉगऑफ झाल्यावर त्या जातात. म्हणून बिघाड झाल्यास आणि तात्पुरता प्रोफाइल मिळत असल्यास लॉगिनच रोखणाऱ्या दोन्ही नोंदी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) १ केल्या. लॉगिन अडलेला माणूस लगेच फोन करतो. फाइल गमावलेला संध्याकाळी करतो.

१४ जुलै, सोमवार

हिशेब विभागातले ८ जण चाचणीला. वेग चांगला. तक्रार मराठी टंकलेखनाची.

आरडीपीतून अक्षर जात नाही, कळेचा क्रमांक जातो. तो क्रमांक कुठल्या अक्षरात बदलायचा हे सेशनमधला कळफलक ठरवतो. पण लॉगिन होताना क्लायंट (टेबलावरचे यंत्र) आपला कळफलक सेशनवर लादतो. टेबलावरच्या यंत्रावर अमेरिकन इंग्रजी, इमेजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (प्रमाण मराठी कळफलक). सेशन सुरू झाले की इनस्क्रिप्ट यादीतून मागे पडतो किंवा एकच कळफलक दोनदा दिसतो. उपाय: सेशन होस्टच्या रजिस्ट्रीत कळफलक लेआउटच्या नोंदीखाली क्लायंटचा लेआउट दुर्लक्षित करणारे मूल्य १ करायचे आणि मराठी इनस्क्रिप्ट इमेजमधल्या मूळ वापरकर्त्यालाच द्यायचा. फोनेटिक वापरणाऱ्यांचे साधनही सेशनमध्येच बसवायचे, टेबलावर नाही. दोन्हीकडे असले की अक्षरे दुप्पट किंवा तुटकी उमटतात.

ट्रस्टच्या कामात धर्मादाय आयुक्तांकडे जाणारी परिशिष्ट ८ आणि ९ मराठीत असतात आणि जुन्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. ते फॉन्ट इमेजमध्ये 'सर्वांसाठी' बसवले. वापरकर्त्याने स्वतःपुरता बसवलेला फॉन्ट काही प्रोग्रॅमना दिसत नाही. या विभागाचे काम अर्धवट चालणारे नको होते, म्हणून पुढची तुकडी हे सुटेपर्यंत थांबवली.

२४ जुलै, गुरुवार

टोकन आणि छपाई.

डिजिटल सहीचे टोकन टेबलावरच्या यंत्रात लावायचे, सर्व्हरमध्ये नाही. आरडीपी सेशनमध्ये स्मार्टकार्डची (टोकन हे त्यातलेच) सगळी मागणी क्लायंटकडे वळवली जाते, त्यामुळे सर्व्हरला लावलेले टोकन सेशनमधून दिसतच नाही. टोकनचे सॉफ्टवेअर मात्र विंडोज ११ च्या व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवायचे. यंत्र एकीकडे, चालक (ड्रायव्हर) दुसरीकडे. ही विभागणी लिहून चिकटवली नाही तर मदत करणारा प्रत्येक जण उलटे करतो. सहीच्या एका क्रियेत टोकन आणि सेशन यांच्यात बऱ्याच फेऱ्या होतात, त्यामुळे कोल्हापुरातून सहीला पुण्यापेक्षा काही सेकंद जास्त लागतात. ते मान्य केले.

जुन्या यंत्रांवर विंडोज काढून हलके लिनक्स आणि फ्रीआरडीपी (लिनक्सवरचा आरडीपी क्लायंट) टाकत आहोत. तिथे टोकन पीसीएससी (स्मार्टकार्ड वाचणाऱ्या) सेवेतून दिसते, पण टोकन सीसीआयडी पद्धतीचे (यूएसबी कार्डवाचकाच्या प्रमाण पद्धतीचे) असेल तरच. काही टोकन तशी नाहीत. त्या सीटवर विंडोज ११ चालणारी छोटी यंत्रे देणार.

छपाई: आरडीपीचा ईझी प्रिंट हा लेझरला उत्तम, कारण ड्रायव्हर सर्व्हरवर लागत नाही. तो पान एक्सपीएस या दस्तऐवजाच्या स्वरूपात पाठवतो. डॉट मॅट्रिक्सवर तेच पान ओळीऐवजी चित्र म्हणून घासले जाते. एका चलनाला मिनिट जाते आणि रिबन संपते. त्या प्रिंटरांचा मूळ ड्रायव्हर इमेजमध्ये बसवून 'ईझी प्रिंट आधी वापरा' ही पॉलिसी बंद केली.

स्कॅनर आरडीपीतून जोडण्याच्या भानगडीत पडलो नाही. आरडीपीत ट्वेन (स्कॅनरशी बोलायची पद्धत) वळवण्याची सोय नाही. स्कॅन थेट सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये, बहुउपयोगी यंत्राच्या आपल्या सोयीने.

४ ऑगस्ट, सोमवार

बाहेरून प्रवेश. ३३८९ हे आरडीपीचे पोर्ट इंटरनेटकडे कधीही उघडायचे नाही, पोर्ट क्रमांक बदलूनही नाही. २०१९ मध्ये सापडलेली ब्लूकीप ही त्रुटी पासवर्डशिवाय आत शिरू देणारी होती, आणि पासवर्ड ओळखत बसणारे बॉट तर अखंड चालू असतात. बाहेरून फक्त आरडी गेटवे, ४४३ वर टीसीपी (पोच घेत चालणारी वाहतूक) आणि ३३९१ वर यूडीपी (पोच न घेणारी, वेगवान).

दुसरा पडताळा एनपीएसच्या विस्तारातून. गेटवेच्या लॉगिनमध्ये सहा आकडे टाइप करायला चौकटच नाही, त्यामुळे मोबाइलवर 'मंजूर' दाबणे किंवा फोन कॉल हेच पर्याय. गेटवेची एनपीएसकडची वाट पाहण्याची मुदत मूळची फार कमी असते. माणूस खिशातून फोन काढेपर्यंत ती संपते आणि गेटवे पुन्हा विचारतो. ६० सेकंद केली.

ड्राइव्ह जोडणे सगळ्यांना बंद. क्लिपबोर्ड बाहेरून येणाऱ्यांना बंद, कार्यालयातून चालू. मोबाइलने पडद्याचा फोटो काढणे यातले काहीही थांबवत नाही. भागीदारांना ते आजच सांगितले, म्हणजे कोणी भलत्या भरवशावर राहणार नाही.

सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतात ठेवणे आणि वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी जुळवणे. गेटवे, ब्रोकर, डोमेन कंट्रोलर आणि फायरवॉलचे लॉग एकत्र एका मशीनवर. व्हर्च्युअल मशीन हायपर-व्हीकडूनही वेळ घेतात. मुख्य डोमेन कंट्रोलरवर ते बंद केले, नाहीतर दोन घड्याळांत ओढाताण होते.

१३ ऑगस्ट, बुधवार

एक सर्व्हर बंद करून रेप्लिकाची चाचणी. सेशन होस्ट दुसरीकडे उठले. विंडोज ११ ची मशीन उठली नाहीत.

कारण व्हीटीपीएम. हायपर-व्हीमध्ये आभासी टीपीएम ज्या यंत्रावर तयार झाले त्या यंत्राच्या प्रमाणपत्रांनी कुलूपबंद असते. रेप्लिकाने डिस्क नेली, प्रमाणपत्रे नेली नाहीत. दोन्ही सर्व्हरवरच्या 'शिल्डेड व्हीएम लोकल सर्टिफिकेट्स' या कप्प्यातली सहीची आणि कूटलेखनाची अशी दोन्ही प्रमाणपत्रे खासगी कीसह निर्यात करून एकमेकांवर आयात केली. चाचणी परत, या वेळी सगळी उठली. प्रमाणपत्रांची एक प्रत तिजोरीत. दोन्ही सर्व्हर जळाले आणि बॅकअप तिसऱ्या यंत्रावर उतरवायची वेळ आली, तर या प्रतीवाचून बॅकअप असून नसल्यासारखा.

२३ आणि २४ ऑगस्ट, शनिवार-रविवार

हिशेब आणि वेतन विभाग, कोल्हापूरसह, हलवले. २७ ला गणेश चतुर्थी, त्यामुळे हा आठवडा कामाला हलका.

कोल्हापुरात तीन सीटवर लॉगिन होऊन पडदा काळा, मिनिटभराने जोडणी तुटते. बाकीच्यांना काही नाही. त्या तीन सीट दुसऱ्या ब्रॉडबँड लाइनवर होत्या. ती पीपीपीओई (लॉगिन करून जोडली जाणारी), म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार १५०० बाइट नाही, १४९२. तुकडे न करण्याच्या अटीवर पिंग (चाचणीचे पाकीट): १४६४ बाइट जातात, १४७२ अडतात. हिशोब बरोबर जुळतो, कारण २८ बाइट शीर्षकांचे. टीसीपीची जोडणी आकार आपसांत ठरवून घेते. यूडीपीची सुरुवातीची छोटी पाकिटे जातात आणि चित्राची मोठी पाकिटे वाटेत गळतात. राउटरवर आकार १४९२ नेमून दिल्यावर पडदा आला. तोवर त्या क्लायंटवर यूडीपी बंद ठेवून काम चालवले होते.

१ सप्टेंबर, सोमवार

महिन्याची पहिली सकाळ. साडेनऊ ते दहाच्या दरम्यान सगळे एकदम येतात. काही जणांना लॉगिनला दीड मिनिट.

फाइल सर्व्हरच्या डिस्कवर ताण नाही. प्रोफाइलची जोडणी दोन-तीन सेकंदांत होते, हे एफएसलॉजिक्सच्या लॉगमध्ये दिसते. वेळ जात होता ग्रुप पॉलिसीत: जुन्या काळापासून चालत आलेली प्रिंटर जोडणी, त्यातला एक प्रिंट सर्व्हर आता अस्तित्वातच नाही. प्रत्येक लॉगिन त्याची वाट पाहून हार मानते. त्या नोंदी काढल्या. लॉगिन मंद असेल तर आधी मरून गेलेले पत्ते शोधावेत. हार्डवेअर वाढवून ती प्रतीक्षा कमी होत नाही.

शिवाय एकाचा प्रोफाइल 'फाइल वापरात आहे' म्हणून अडला. शुक्रवारी खिडकी बंद केली, लॉगऑफ केले नाही. सेशन एका होस्टवर तसेच, आज तो होस्ट ड्रेन मोडमध्ये (नवे लॉगिन घेणे बंद) असल्याने त्याला दुसरा मिळाला. तुटलेले सेशन ४ तासांनी संपवायची पॉलिसी लावली. २ तास कमी पडतात. जेवण आणि ग्राहकाची बैठक मिळून माणूस तेवढा बाहेर असतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

प्राप्तिकर विवरणपत्रांचा मुदतीचा दिवस. विवरणपत्र विभाग अजून जुन्या यंत्रांवर, ठरल्याप्रमाणे. सेशन होस्टवर मात्र आज सर्वाधिक भार, कारण हिशेब विभाग त्यांना आकडे पुरवत होता.

पाहायचे आकडे चारच: रिकामी रॅम, प्रोसेसरची रांग, डिस्कचा प्रतिसाद, आणि 'युझर इनपुट डिले'. शेवटचा काउंटर विंडोज सर्व्हर २०१९ पासून आहे, रजिस्ट्रीतून चालू करावा लागतो. कळ दाबल्यापासून प्रोग्रॅमने ती उचलेपर्यंतचा वेळ तो दर सेशनमागे देतो. माणसाला 'स्लो' वाटते ते हेच. प्रोसेसर ७० टक्के असूनही हा आकडा छोटा असेल तर कोणी तक्रार करत नाही.

एका होस्टवर तो चढला. एकाच सेशनमध्ये ब्राउझरच्या कितीतरी खिडक्या आणि त्यांत चालू असलेला व्हिडिओ. सर्व्हरला ग्राफिक्स कार्ड नाही, व्हिडिओची प्रत्येक चौकट प्रोसेसर रंगवतो. ब्राउझरच्या पॉलिसीत आपोआप चालणारे व्हिडिओ बंद आणि न वापरलेल्या टॅब झोपवणे चालू. व्हिडिओ बैठकांसाठी साध्या आरडीएसमध्ये माध्यम थेट क्लायंटवर वळवण्याची सोय नाही. बैठका टेबलावरच्या यंत्रावर किंवा मोबाइलवर घ्याव्यात, सेशनमध्ये नाही. हा नियम लेखी दिला.

२ ते ५ ऑक्टोबर

दसरा आणि जोडून सुट्टी. करलेखापरीक्षणाची मुदत ३१ ऑक्टोबरवर गेल्याने मोकळी जागा मिळाली. सही करणारे २० जण हलवले. विवरणपत्र दाखल करणारेही यात.

प्रत्येक सीटवर एकच क्रम: टोकन लावले, सेशनमध्ये प्रमाणपत्र दिसले, युटिलिटी सुरू झाली, पोर्टलच्या नोंदणी पानावर सही उमटली, मग टोकन काढून परत लावले आणि पुन्हा सही. शेवटची पायरी महत्त्वाची. काही टोकन सेशन चालू असताना काढून लावले की सेशनला दिसत नाहीत. सेशन तोडून परत जोडल्यावर दिसतात. ही सूचना त्या सीटवर कागदावर लावली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० चा शेवटचा दिवस. कार्यालयात त्यावर चालणारे यंत्र उरलेले नाही. लिनक्स टाकलेल्या जुन्या यंत्रांच्या डिस्क आधी पुसून घेतल्या. त्यांवर ग्राहकांची वर्षानुवर्षांची कागदपत्रे होती.

पुढचे महिन्याचे वेळापत्रक: दुसऱ्या मंगळवारची अद्यतने आपल्याकडे मंगळवारी रात्री येतात. बुधवारी मूळ इमेजवर. गुरुवारी राखीव होस्ट नव्या इमेजमधून, त्यावर माहिती तंत्रज्ञानाचे लोक आणि हिशेबातले दोघे. २० तारीख उलटल्यावर उरलेले होस्ट एकेक करून ड्रेन मोडमध्ये, रिकामे झाले की बदलायचे. जुने होस्ट दोन आठवडे बंद अवस्थेत जपायचे. तातडीची सुरक्षा त्रुटी असेल तर २० ची वाट पाहायची नाही, गेटवे त्याच रात्री.

उरलेली कामे: प्रोफाइलचा फाइल सर्व्हर एकच आहे, तो गेला तर ६० जण थांबतात आणि रेप्लिका उठवायला माणूस लागतो, यावर क्लाउड कॅश (प्रोफाइलच्या एकाहून जास्त प्रती ठेवणारी एफएसलॉजिक्सची सोय) की दोन नोडचा क्लस्टर (एक पडला तर दुसरा आपोआप काम घेणारी सर्व्हरची जोडी) हे नोव्हेंबरात ठरवायचे. सर्व्हर २०२२ वर मायक्रोसॉफ्ट ३६५ अ‍ॅप्सचा आधार ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, त्यामुळे सेशन होस्टची पुढची आवृत्ती एप्रिल २०२६ पासून चाचणीला. कोल्हापूरची दुसरी लाइन वेगळ्या मार्गाने येते का हे प्रत्यक्ष खांबापर्यंत जाऊन पाहायचे.